विद्यापीठ आणि पुरवठा साखळी: काम नेमकं कुठे अडतं?

कप्पीदोर

‘विद्यापीठ कारखान्यासारखं चालवा’ हे वाक्य सभांमध्ये इतक्यांदा ऐकू येतं की त्याचा अर्थ आता कोणी विचारत नाही. माझी बरीच वर्षं कारखान्यांच्या माल-नियोजनात गेली आणि सध्या मी विद्यापीठाच्या कारभारात आहे, त्यामुळे मला तो विचारावासा वाटतो. बोलणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात: खर्च कापा आणि कोणाला मोकळं बसू देऊ नका. गंमत अशी की पुरवठा साखळीवाले गेल्या साठेक वर्षांत ठेचा खाऊन जे शिकले, त्यातलं बरंचसं याच्या उलट आहे.

आधी साखळीत वाहतं काय ते ठरवू. नेहमीचं चित्र असं: शाळा म्हणजे पुरवठादार, विद्यापीठ म्हणजे कारखाना, पदवीधर म्हणजे पक्का माल आणि नोकरी देणारे गिऱ्हाईक. मला हे चित्र पटत नाही. सेवाक्षेत्राचे अभ्यासक स्कॉट सॅम्पसन यांनी २००० साली एक साधी गोष्ट मांडली: सेवेत ग्राहक हाच पुरवठादारही असतो. विद्यार्थी आपला वेळ, मेहनत, आधीची तयारी, असलेले गैरसमज असं सगळं घेऊन येतो आणि त्यावरच काम होतं. त्याने मनावर घेतलं नाही तर आपण कितीही ‘उत्पादन’ करा, हाती काही लागत नाही.

मग वाहतं काय? माझ्या मते कागद आणि निर्णय. प्रवेशअर्ज, उत्तरपत्रिका, प्रबंधाचं प्रकरण, अभ्यासक्रमातला बदल. यातल्या प्रत्येकासाठी कुठेतरी कुणीतरी थांबलेलं असतं.

एका ठिकाणी (नाव नको) विषयबदलाच्या अर्जाचा माग काढला होता. विद्यार्थी अर्ज ऑनलाइन भरतो, मग तोच छापून विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवतो. तिथून लेखा विभाग, शुल्क बाकी नाही हे पाहायला. तिथून परीक्षा विभाग. शेवटी महिन्यातून एकदा बसणारी समिती, आणि तिच्या विषयपत्रिकेची मुदत बैठकीच्या आठवडाभर आधी संपते. सगळ्यांचं मिळून प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाच्या आतलं. अर्जाला लागायचे पाच-सहा आठवडे, तोवर नव्या विषयाची पहिली चाचणी होऊन गेलेली असे. यातलं कोणीही कामचुकार नव्हतं. प्रत्येकजण आपल्याकडे आलेला अर्ज दोन दिवसांत पुढे ढकलत होता. वेळ खाल्ला तो दोन टेबलांमधल्या जागेने आणि मासिक बैठकीने. कारखान्याच्या भाषेत तो मोठा बॅच-साइज, म्हणजे पुष्कळ कामं साठवून एकदम हातात घेणं. सरळसोट अर्ज रोजच्या रोज एका सहीने सुटावेत आणि वेडेवाकडेच समितीकडे जावेत, एवढा बदल झाला तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट लिटलच्या नियमाची. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला: आत असलेली कामं = येण्याचा वेग × प्रत्येकाचा आतला सरासरी वेळ. समजा एका विभागात १२० पीएचडी विद्यार्थी आहेत, दरवर्षी २० जण पदवी घेऊन बाहेर पडतात आणि साधारण तितकेच नवे येतात. म्हणजे सरासरी ६ वर्षं लागणारच. ‘चार वर्षांत पूर्ण करा’ असं परिपत्रक काढून हा आकडा हलत नाही. एक तर दरवर्षी ३० जण पूर्ण होतील अशी मार्गदर्शनाची ताकद वाढवा, नाही तर आतली संख्या ८० वर आणा. तिसरा रस्ता म्हणजे लोक मध्येच सोडून जातात. तो आपोआप उघडतो आणि अहवालात कुठे दिसत नाही.

तिसरी गोष्ट मोकळं बसण्याची. रांगेच्या अगदी साध्या गणितात एकच माणूस काम करतो आणि कामं मन मानेल तेव्हा येतात असं धरा. त्याचा ८० टक्के वेळ भरलेला असेल तर काम हाती घेतलं जाण्याआधीची सरासरी वाट त्या कामाला लागणाऱ्या वेळेच्या चौपट. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शिक्षकाच्या वेळापत्रकातला शेवटचा मोकळा तास तासिकेने भरला की खर्च वाचल्यासारखा दिसतो. मग त्याच्याकडे पडलेलं प्रकरण तीन महिने का पडून आहे, याची चौकशी सुरू होते.

आणि चौथी, साखळीच्या टोकाला बसणारा हेलकावा. गिऱ्हाईकाच्या मागणीतला लहानसा बदल साखळीत मागे जाताना मोठा होत जातो, हे व्यवस्थापनाचे अभ्यासक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये दाखवलं. पुढे १९९७ मध्ये हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी ‘बुलव्हिप’ (चाबूक) या नावाने त्याची कारणं मांडली. बाळांचे लंगोट जवळपास ठराविकच खपतात, तरी ते बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलला वितरकांकडून येणाऱ्या मागण्या हेलकावत होत्या. विद्यापीठात लीड टाइम (मागणी कळल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ) आठवड्यांचा नाही, तीन-चार वर्षांचा. अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये अभियंत्यांबद्दल हेच दाखवलं होतं: आज पगार चढे म्हणून झुंबड, ती तुकडी बाहेर पडेपर्यंत बाजार भरलेला, पगार खाली, मग प्रवेश ओस, आणि काही वर्षांनी पुन्हा टंचाई. आपण प्रत्येक लाटेला नव्या तुकड्या आणि नव्या इमारती काढतो. तुकडी बंद करता येते, इमारत नाही.

तुमच्याकडे काम नेमकं कुठे अडतं? शिक्षक, विद्यार्थी, कार्यालयातले लोक, सगळ्यांचं ऐकायचं आहे.

---

भरकटलेला

एकोणीसपट वाचून आमच्या सरांना पाठवणार होतो. मग आठवलं, ते पत्र त्यांच्या रांगेत विसावं असेल.

वाचतोय. लिहा अजून.

---

खडूवाली

कप्पीदोर, मांडणी आवडली, पण मला पहिल्यापासूनच खटकतंय. ‘विद्यार्थी माल नाही’ असं तुम्ही म्हणता खरं, पण ही कल्पना वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तेवढंच वाक्य गळून पडतं. उरतं काय? ‘प्रवाह वाढवा’. आणि पदव्यांचा प्रवाह वाढवायचा सगळ्यांत स्वस्त उपाय प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे: पेपर सोपा काढा, हात सैल सोडा. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल म्हटलं होतं की मोजमापावर दाब दिला की ते मोजमाप निरुपयोगी होतं. पैशांपेक्षा ते गुणांना जास्त लागू आहे.

कारखान्यातून काही घ्यायचंच असेल तर गुणवत्तेचे अभ्यासक डेमिंग घ्या. त्यांच्या चौदा मुद्द्यांतला तिसरा असा की शेवटच्या तपासणीवर विसंबू नका, गुणवत्ता काम होतानाच आत आली पाहिजे. सत्र संपल्यावरची परीक्षा ही शेवटची तपासणीच. ऑक्टोबरमध्ये कलन समजलं नव्हतं हे मला जानेवारीत कळून उपयोग काय? टोयोटाच्या कारखान्यात गडबड दिसली की कोणीही कामगार दोरी ओढून मदत बोलावतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. माझ्या वर्गात दोरी ओढायची सोय नाही. ओढली तर अभ्यासक्रम मागे पडतो आणि त्याचा जाब मलाच द्यावा लागतो. आठवड्याला दहा मिनिटांची बिनगुणांची चाचणी घेते. पुढचा तास कुठून सुरू करायचा ते त्यातून ठरतं. बस, माझी दोरी तेवढीच.

आणि हो, डेमिंग विद्यार्थ्यांची क्रमवारी लावण्याच्याही विरोधात होते. ते मात्र व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत कोणी सांगत नाही.

---

रांगेतला

ते १२० भागिले २० वाचून पोटात गोळा आला. मी त्या १२० पैकी एक.

आमच्याकडे अडतं ते प्रकरणावरच्या अभिप्रायाशी. मी प्रकरण दिलं की सर नीट वाचतात, खरंच ओळ न् ओळ वाचतात. फक्त वाचायला घेईपर्यंत मी काय लिहिलं होतं ते मीच विसरलेलो असतो. मग अभिप्राय समजून घ्यायला आपलंच प्रकरण पुन्हा वाचा. हा दुसऱ्यांदा वाचण्याचा वेळ कुठल्या हिशेबात धरतात?

एक शंका मात्र आहे. आतली संख्या ८० वर आणायची म्हणजे चाळीस जणांना प्रवेश नाकारायचा. रांग संपली कुठे? ती फाटकाबाहेर गेली.

---

कप्पीदोर

@रांगेतला, गेली बाहेर, खरं आहे. पण बाहेरच्या माणसाला दुसरीकडे जाता येतं, नोकरी धरता येते, विषय बदलता येतो. आत अडकलेल्याची तेवढी वर्षं बांधली जातात. म्हणून हातातलं काम पुरं झाल्याशिवाय नवं आत घ्यायचं नाही ही शिस्त कानबान या टोयोटाच्या पद्धतीत आली. आणि पुन्हा वाचण्याचा तो वेळ आमच्याकडे ‘सेटअप’ म्हणून मोजतात. बराच काळ पडून राहिलेलं काम पुन्हा हातात घ्यायचा तो दंड. सरांनी तीन विद्यार्थ्यांची प्रकरणं आलटून पालटून थोडी थोडी वाचण्याऐवजी एकाचं सलग संपवलं, तर तिसऱ्याचंही आजच्यापेक्षा उशिरा होत नाही आणि पहिल्या दोघांचं आधी होतं.

@खडूवाली, गुडहार्टबद्दल वाद नाही. म्हणूनच मी पदव्या मोजत नाही, वाट पाहण्याचे दिवस मोजतो. अभिप्राय लवकर मिळाला म्हणून दर्जा घसरला असं व्हायचं कारण नाही. तुमची दहा मिनिटांची चाचणी मोठ्या प्रमाणावर कशी दिसते ते अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात बघा. २०१२ पासून ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत आठशेहून जास्त धोक्याच्या खुणांवर नजर ठेवतात. मुख्य विषयाच्या पहिल्याच अभ्यासक्रमात कमी श्रेणी ही त्यातली एक. खूण दिसली की सल्लागार बोलावून घेतो. त्याआधी, २०११ पासून, थोड्या थकबाकीपायी नाव कटणाऱ्यांना छोटं अनुदान द्यायला त्यांनी सुरुवात केली होती. २००३ च्या सुमारास सहा वर्षांत पदवी पूर्ण करणारे एक तृतीयांशाच्या आत होते, पुढे ते निम्म्याच्या वर गेले. पण लोक फक्त संगणकप्रणालीचं कौतुक करतात. तिच्याबरोबर त्यांनी सल्लागारही मोठ्या संख्येने नेमले, हे सांगायचं राहून जातं. दोरी ओढल्यावर धावत येणारा माणूस हवा, नाही तर नुसती घंटाच वाजत राहील.

---

त्रिज्या

गणितवाली म्हणून नाक खुपसते.

ते चौपट-नऊपट-एकोणीसपट बरोबर आहे, पण ते यदृच्छेने येणाऱ्या कामांसाठी. विद्यापीठात कामं यदृच्छेने येतच नाहीत, ती एकाच दिवशी येतात. सगळ्या विषयांच्या प्रकल्पाची शेवटची तारीख एकच, सगळे प्रबंध मुदतीच्या आदल्या आठवड्यात. गणिती किंगमन यांच्या रांगांबद्दलच्या १९६१ च्या सूत्रात प्रतीक्षेचे तीन गुणक आहेत: माणूस किती भरलेला, कामाला किती वेळ लागतो आणि चढउतार किती. पहिल्या दोनांना पैसा लागतो. तिसरा आपण तारखा ठरवताना स्वतःच तयार करतो, म्हणून तो कमी करणं जवळपास फुकट आहे. पाच विषयांच्या पाच तारखा वेगळ्या ठेवायला कुठल्या परिषदेची मंजुरी लागते? (लागत असेल. विचारायची भीती वाटते.)

प्रवेशाबद्दल कोणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. साठ्याचा सगळ्यांत जुना प्रश्न तिथेच आहे. जागा शंभर, पण प्रवेशाचे देकार दिलेले सगळे येत नाहीत, मग किती जणांना द्यायचे? वर्तमानपत्रवाल्याने सकाळी किती अंक उचलायचे, तोच हा हिशेब. रिकामी जागा वर्षभर रिकामी राहते, जास्तीचे आले तर प्रयोगशाळा अपुरी. दोन्हींचं नुकसान सारखं नसतं आणि आकडा त्यावरून ठरतो. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० ला हे उघड्यावर आलं. परीक्षा झाल्या नव्हत्या, सूत्राने दिलेले गुण ओरड झाल्यावर मागे घेतले आणि शिक्षकांनी दिलेले मानले. एका झटक्यात कितीतरी जास्त विद्यार्थी देकाराच्या अटीत बसले. वैद्यकीय जागांवरची मर्यादा सरकारला उठवावी लागली आणि काहींना पुढच्या वर्षी या म्हणून विनवावं लागलं.

हा अंदाजाचा खेळ बराचसा टाळता येतो. गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्येच दाखवलं की सगळ्यांचे पसंतिक्रम एकत्र घेतले तर अशी वाटणी करता येते, की कोणताही विद्यार्थी आणि कोणतीही संस्था मिळालेलं सोडून एकमेकांकडे जाण्यात दोघांचाही फायदा उरत नाही. यातल्या शॅप्लींना, रॉथ यांच्याबरोबर, २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. यातून माझ्या मते एकच गोष्ट घ्यावी: अनिश्चितता पेलायला साठा वाढवण्याआधी ती तयार कुठे होते ते बघा.

---

दप्तरखाना

ग्रंथालयातून बोलतो. ‘साठा म्हणजे वाया गेलेला पैसा’ हे आमच्याकडे फार आधी येऊन गेलंय.

पिट्सबर्ग विद्यापीठाचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के १९७५ संपेपर्यंत एकदाही घरी नेली गेली नव्हती. त्यावर मोठा गदारोळ झाला, कारण वाचनालयात बसून चाळलेल्या पुस्तकांच्या नोंदी अपुऱ्या आहेत असं बऱ्याच ग्रंथपालांचं म्हणणं होतं. पण आकडा डोक्यात बसला तो बसलाच. पुढे ई-पुस्तकं आली तेव्हा नवी पद्धत निघाली: यादीत सगळं दाखवायचं आणि वाचकाने उघडलं की मगच विकत घ्यायचं. अगदी गरजेपुरतं, वेळेवर.

पाठ्यपुस्तकांना ती उत्तम चालते. संशोधनाच्या पुस्तकांना नाही. वीस वर्षांनी एखादा संशोधक येतो आणि आज कोणालाच नको असलेलं पुस्तक मागतो. तेव्हा ते छापखान्यात नसतं, दुकानात नसतं, प्रकाशकही राहिलेला नसतो. मार्शल फिशर यांनी १९९७ मध्ये हेच मालाबद्दल मांडलं: मागणीचा अंदाज येतो त्या वस्तूंची साखळी स्वस्त करा, येत नाही त्यांची चपळ करा. दोन्हींना एकच नियम लावला की दोन्ही बिघडतात. पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र आणि सहा जणांचा प्राचीन लिपींचा वर्ग यांना एकाच कोष्टकात ‘प्रति विद्यार्थी खर्च’ म्हणून दाखवतात, तेव्हा मला आमचं ते ४० टक्के आठवतं.

---

नस्ती

मी कार्यालयातला. इथे सगळे सह्या कमी करा म्हणताय म्हणून लिहितो.

सही कुठून येते ते आधी समजून घ्या. कधीतरी एक गैरप्रकार होतो. चौकशी होते. अहवालात शिफारस येते की यापुढे अमुक अधिकाऱ्याने पडताळणी करावी. ती सही फॉर्मवर चढते. गैरप्रकार करणारा निवृत्त होतो, चौकशी करणारे निवृत्त होतात, सही राहते. ती काढा म्हणणाऱ्याने उद्या काही झालं तर जबाबदारी घ्यायची असते. अशी जबाबदारी घेणारा मी अजून पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही घेणार नाही.

तुमच्या कारखाना-व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या गोल्डरॅट साहेबांनी १९८४ च्या पुस्तकात सांगितलंय ना, साखळीचा वेग सगळ्यांत अरुंद जागेवर ठरतो, बाकीकडे धावपळ करून काही होत नाही. आमच्याकडे अरुंद जागा टेबल नाही, भीती आहे. फाइल ऑनलाइन केली तेव्हा काय झालं? आधी चार सह्या होत्या, आता चार सह्या आणि चार ओटीपी.

---

भरकटलेला

नस्तीकाका, चार ओटीपीला दंडवत.

---

खडूवाली

नस्ती यांचं बरोबर आहे, पण भीती सगळीकडे सारखी वाटलेली नाही. साखळी ‘चपळ’ करायची म्हणतात तेव्हा आमच्याकडे पहिली गोष्ट कोणती होते? कायमच्या जागा गोठवायच्या आणि तासिका तत्त्वावर माणसं घ्यायची. लागेल तेव्हा बोलवा, नको तेव्हा सत्र संपलं. हिशेबात बरोबर दिसतं. पण तासिकेवरचा शिक्षक तास संपला की पुढच्या कॉलेजात पळतो. रांगेतल्यासारख्यांची प्रकरणं वाचायला, अभ्यासक्रम नव्याने लिहायला, रडवेल्या विद्यार्थ्याशी बोलायला जे उरतात त्यांच्यावर सगळं येतं. म्हणजे कप्पीदोरांच्या त्या ९५ टक्क्यांवर.

आणि ज्या टोयोटाकडून ‘साठा नको’ हे शिकलो म्हणतात, तिनेच २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर चिपचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवून घेतला. जगभर चिपची टंचाई झाली तेव्हा सुरुवातीला इतर कंपन्यांपेक्षा ती जास्त टिकली, ती त्यामुळे. जे पटकन मिळत नाही त्याचा साठा ठेवायचा, इतकं साधं. चांगला शिक्षक तयार व्हायला चिपपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

---

कप्पीदोर

हे अगदी मान्य. अर्थतज्ज्ञ बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ मध्ये संगीत-नाटकासारख्या कलांबद्दल लिहिलं होतं की चौघांची रचना वाजवायला आजही चौघंच लागतात आणि तितकाच वेळ लागतो. प्रबंधाचं प्रकरण वाचणंही तसंच. ते स्वस्त होणार नाही, त्याच्या भोवतालचं बाकीचं होऊ शकतं.

एक कल्पना मला अजूनही करून बघावीशी वाटते, निर्णय लांबवण्याची. एचपी कंपनी प्रिंटर सगळ्या देशांसाठी सारखाच बनवायची आणि कुठल्या देशाचा वीजजोड, कुठल्या भाषेतली पुस्तिका हे त्या भागातल्या गोदामात ठरवायची, कारण तोवर मागणी कळलेली असे. पहिलं वर्ष सगळ्यांना सामाईक ठेवून शाखा नंतर निवडू दिली तर बुलव्हिपची एक वर्षाची लांबी कमी होते, शिवाय विद्यार्थ्यालाही काय झेपतंय ते कळलेलं असतं.

---

त्रिज्या

आणि वर्ष संपताना सगळे एकाच शाखेच्या दारात उभे राहिले की? प्रिंटरला स्वतःचं मत नव्हतं. शाखांच्या जागा लवचिक नसतील तर तुम्ही प्रवेशपरीक्षेची चुरस पहिल्या वर्षात आणून ठेवाल आणि सामाईक वर्ष गुणांच्या मारामारीत जाईल. शिक्षकांना दोन शाखांत शिकवता येतं का, प्रयोगशाळा दोघांना वापरता येते का, हे आधी बघायला हवं.

---

कप्पीदोर

मुद्दा बिनतोड आहे. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

नस्ती, तुम्हाला एक विचारतो. सही काढायची नाही, कोणाचा अधिकार कमी करायचा नाही. फक्त अर्ज प्रत्येक टेबलावर कधी आला, कधी गेला एवढं महिनाभर मोजायचं. चालेल? विषयबदलाच्या अर्जांपासून सुरू करू.

---

नस्ती

विषयबदल नको. ते सत्राच्या सुरुवातीलाच येतात आणि त्यात प्रत्येकाचा मान अडकलेला. गुणपत्रिकेवरच्या नावदुरुस्तीचे घ्या. रोज येतात, कोणी त्यावरून भांडत नाही. आणि नवीन काही मोजायला नको, आवक-जावक नोंदवहीत दोन्ही तारखा आहेत. वजाबाकी आजवर कोणी केलेली नाही, इतकंच. फक्त कोष्टकात टेबलाचं नाव येऊ दे, माणसाचं नको. माणसाचं आलं तर दुसऱ्या दिवसापासून आवक संध्याकाळी पाचलाच नोंदली जाईल.

---

त्रिज्या

आणि नुसती सरासरी काढू नका. नव्वद अर्ज दोन दिवसांत सुटले आणि दहा अर्ज दोन महिने पडले तर सरासरी आठवडाभराची येते. एवढी वाट त्या शंभरातल्या एकानेही पाहिलेली नसते. ते दहा अर्ज वेगळे काढा आणि कुठल्या टेबलाशी थांबलेत ते बघा. माझा अंदाज, निम्मे ‘कागद अपूर्ण’ म्हणून परत गेलेले निघतील आणि कोणता कागद अपूर्ण होता ते विद्यार्थ्याला कोणी सांगितलेलं नसेल.